दुखण्याच्या पेटीतून छत्री

आमच्या गटाच्या पेटीचा तो नियम मीच लिहिला होता, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून कोणी म्हणायचं, बिचारीवर केवढा अन्याय झाला. अन्याय वगैरे काही नाही. मीच घातलेल्या कुंपणात माझा पदर अडकला, आणि तो सोडवताना मी जो तमाशा केला त्याची मला आजही लाज वाटत नाही.

वरवट बकालपासून शेतांच्या वाटेनं अर्ध्या तासावर आमचं गाव. गावात आम्हा अकरा बायकांचा बचत गट. बचतीचे पैसे बँकेत जातात, ते सगळ्याच गटांचं असतं. पण आम्ही आणखी एक उद्योग केला होता. दर महिन्याला प्रत्येकीनं थोडे पैसे वेगळे काढून एका पत्र्याच्या पेटीत टाकायचे, आणि ते फक्त दुखण्याखुपण्याला वापरायचे. प्रशिक्षणाला आलेल्या मॅडम त्याला आरोग्य निधी म्हणायच्या. आम्ही दुखण्याची पेटी म्हणायचो. मी बारावी झालेली, म्हणून सचिव. पेटी आणि रजिस्टर माझ्या घरी, किल्ली अध्यक्ष काकूंच्या कमरेला. काकू म्हणजे आमच्याच गल्लीतल्या, साठीच्या, शब्दाला पक्क्या आणि जिभेला तिखट.

पहिलं वर्ष आम्ही विश्वासावर चालवलं. जिनं सांगितलं दुखतं, तिला दिले. मग एकीनं पोटात खडा झाला म्हणून पैसे नेले, आणि आठ दिवसांनी तिच्या घरातून मिक्सरचा आवाज यायला लागला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुढच्या बैठकीत मी रजिस्टरमध्ये मोठ्या अक्षरात लिहिलं, पेटीतले पैसे फक्त औषधाला, डॉक्टरची चिठ्ठी आणि मेडिकलचं बिल असल्याशिवाय कोणालाही नाही. अकराही जणींच्या सह्या-अंगठे घेतले. काकूंनी माझ्या पाठीवर थाप मारली. "असी सचिव पाह्यजे," म्हणाल्या.

त्याच काकूंची सून पुढे बाळंतपणात अडली. रातोरात जीप करून तिला दवाखान्यात न्यावं लागलं. काकूंनी जीपच्या भाड्याचे पैसे मागितले, तेव्हा मी त्यांना नियम वाचून दाखवला. गाडीभाडं औषधात बसत नाही, म्हटलं. काकू पदर सावरून निघून गेल्या. मला तेव्हा वाटलं, काय पण कडक सचिव आहोत आपण.

दोन वर्षांनी मला मुलगी झाली. दुधासारखी पांढरी. केस म्हणजे मक्याच्या कणसाचे असतात तसे, पापण्यासुद्धा पांढुरक्या. आमच्या दोन्ही घराण्यांत काळ्या मातीत शोभतील अशीच माणसं, त्यात ही अशी. सासूबाईंचे पाय जमिनीला लागेनात. बघायला येणाऱ्या बायकांना त्या स्वतः बाळाच्या अंगावरचं दुपटं काढून दाखवायच्या. बायकाही कमी नव्हत्या. "काय खाल्लं वं, केसर?" एक विचारायची. दुसरी आवाज बारीक करून विचारायची, "मधात कोठी बाहेरगावी होती काय?" मी म्हणायची, "हाव, लंडनले होती. नवऱ्याले बी संगं नेलं होतं." मग ती चहाच्या कपात तोंड घालायची.

तिचे डोळे सारखे थरथरायचे. उजेडात आणलं की ती ते घट्ट मिटून घ्यायची. मी ते पाहिलं होतं, पण मला त्यात काही वावगं वाटलं नाही. पहिलंच लेकरू.

आमच्याकडे बाळाला तेल चोळून अंगणात गोधडीवर टाकतात. कोवळं ऊन अंगावर घेतलं की हाडं पक्की होतात म्हणतात. सासूबाईंनी चार लेकरं तशीच वाढवली. ही तीन महिन्यांची होती, पाऊस संपून आश्विनातलं स्वच्छ ऊन पडायला लागलं होतं. त्या दिवशी सासूबाईंनी तिला तेल लावून बाहेर टाकलं आणि तेवढ्यात त्यांच्या माहेरच्या बायका आल्या. नात दाखवायची होती. बोलता बोलता ऊन कोवळं राहिलं नाही, आणि बाळ तसंच उघडं गोधडीवर. सगळा दोष सासूबाईंच्या माथी मारायला मला आवडलं असतं. पण मी तिथेच होते. मीच त्या बायकांना चहा देत होते.

संध्याकाळी पोर लाल झाली. दुसऱ्या दिवशी कपाळावर, नाकावर, खांद्यांवर पाण्याचे फोड. दूध तोंडात धरेना. सासूबाईंनी मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली. मी तोवर पिशवी भरली होती. मलकापूरला माझी मावशी राहते, तिच्याकडे गेले आणि तिनं कातडीच्या डॉक्टरबाईंकडे नेलं.

डॉक्टरबाईंनी बाळाला खूप वेळ पाहिलं. केस पाहिले, बॅटरी लावून डोळे पाहिले. मग विचारलं, "हिला उन्हात कोणी ठेवलं?"

"आम्ही सगळ्यांनी," मी म्हटलं.

त्यांनी नीट समजावून सांगितलं. हिच्या कातडीत जन्मापासून रंगच तयार होत नाही. रंग म्हणजे उन्हापासून आडोसा देणारी भिंत, ती हिला नाही. हा कोणाचा शाप नाही, कोणाचं पाप नाही, आणि गोरेपणही नाही. ऊन टाळणं हेच हिचं औषध. इतक्या लहानपणी उन्हासाठी कुठली क्रीम लावायची नाही, फक्त अंगभर घट्ट विणीचं सुती कापड, मोठ्या काठाची टोपी, आणि सावली. सहा महिन्यांनंतर क्रीम, पुढे चष्मा. "आणि हे सगळं आयुष्यभर," त्या म्हणाल्या. मग कागदावर फोडांचं मलम लिहिलं आणि ऊन मिळणार नाही म्हणून हाडांसाठी थेंब लिहिले.

मलम आणि थेंबांचे पैसे मला पेटीतून त्याच दिवशी मिळाले. चिठ्ठी होती, बिल होतं. काकूंनी किल्ली लावली, पैसे दिले, बाळाच्या गालावरून हात फिरवला.

पण आठ दिवसांत कापसाची वेचणी सुरू होणार होती. मी मजुरीला जायची, सासूबाईही जायच्या. नवरा कापसाच्या जिनिंग मिलमध्ये हमालीला. घर चालायचं, पण वर काही उरायचं नाही, आणि माझे चार महिने आधीच बसून गेले होते. बाळ अंगावर पिणारं, ते माझ्यासोबत शेतात जाणार हे ठरलेलंच. आमच्याकडे सगळ्याजणी तेच करतात. धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या बाभळीला लुगड्याची झोळी बांधायची, लेकरू आत टाकायचं आणि ओळीला लागायचं. सकाळी झोळीवर सावली असते. तुम्ही ओळीच्या दुसऱ्या टोकाला पोचता तोवर ती सरकून गेलेली असते. दुसऱ्या कोणाचं लेकरू असतं तर घामाघूम होऊन रडलं असतं. माझी भाजली असती.

म्हणून मी गटात यादी ठेवली. हातगाडीवाल्यांकडे असते तशी मोठी छत्री, जमिनीत रोवायचा दांडा, घट्ट विणीचं कापड आणि टोपी शिवायची शिलाई.

काकूंनी यादी वाचून घेतली. मग म्हणाल्या, "यात औषध कोनतं हाय?"

"हेच औषध हाय काकू. डॉक्टरबाईनं सांगतलं."

"चिठ्ठीत लिवलं हाय?"

"नाई. तोंडानं सांगतलं."

"मंग तं तुह्याच हातचं हाय पाह्य," त्या म्हणाल्या आणि रजिस्टरचं ते पान माझ्यापुढे सरकवलं. "माह्या सुनेच्या जीपले पैशे नाई भेटले, तवा मी चूप बसली. आता तू बी बस."

मी चूप बसणाऱ्यातली नाही हे काकूंनाही माहीत होतं. पण त्या पानावरचं अक्षर माझंच होतं. घरी आले आणि भांडी आपटली.

गावातल्या मेडिकलवाल्याच्या कानावर गोष्ट गेली. तो भला माणूस. म्हणाला, "वयनी, कायले डोकं पिकवता? टॉनिकचं बिल फाडून देतो. छत्री घ्या, कापड घ्या, कोन पाह्यते?" नवऱ्यालाही ते पटलं. "घे ना बाप्पा," म्हणाला, "तुह्याच पोरीसाठी तं घेऊन राह्यली. काय बिघडते?"

मला एवढा राग आला की तव्यावरची पोळी करपली. "माह्या पोरीले काय टॉनिकचा रोग हाय काय?" मी म्हटलं. "मिक्सरवालीनं बी खोटंच सांगतलं होतं. तिच्यात अन् माह्यात फरक काय राह्यला मंग?"

"फरक हा का तुह्यं खरं हाय."

"खरं हाय तं खऱ्या नावानं भेटलं पाह्यजे."

नवरा म्हणाला, तुझ्या डोक्याला औषध नाही. मी म्हटलं, असलं तरी चिठ्ठीशिवाय मिळणार नाही. त्यावर तो हसला, आणि मला आणखीच राग आला, कारण मला हसायचं नव्हतं. खोटं बिल घेतलं असतं तर छत्री आली असती, पण माझ्या लेकीचं दुखणं चोरून आणलेलं राहिलं असतं. तिला ते आयुष्यभर अंगावर घेऊन मिरवायचं होतं. सुरुवातच तोंड लपवून करायची? मला ते जमणार नव्हतं.

मी पुन्हा मलकापूरला गेले. डॉक्टरबाईंना म्हटलं, "तुम्ही मागच्या वेळी तोंडानं जे सांगितलं, ते लिहून द्या."

"काय लिहून देऊ?"

"छत्री. टोपी. कापड."

त्या हसल्या. "अहो, छत्री कोणी चिठ्ठीत लिहून देतं का?"

"तुम्ही सांगितलं ते खरं होतं का?"

"खरंच होतं."

"मग खरं लिहायला काय जातं?"

बाहेर रांग होती. मी उठले नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बाळाकडे पाहिलं आणि कागद ओढला. इंग्रजीत लिहायला लागल्या तेव्हा मी म्हटलं, मराठीत लिहा, आमच्या गटात सात जणींना वाचता येतं ते मराठीच, आणि बाकीच्या चौघींना त्या वाचून दाखवतील. मग त्यांनी मराठीत लिहिलं. आजाराचं नाव लिहिलं, ऊन टाळणं हाच उपचार आहे असं लिहिलं, आणि खाली एकाखाली एक तिन्ही वस्तू लिहून सही-शिक्का केला. एसटीत मी तो कागद चार वेळा काढून वाचला.

बैठक शाळेच्या ओट्यावर भरली. बाळ माझ्या मांडीवर, वरून माझा पदर. मी चिठ्ठी पुढे ठेवली. ज्यांना वाचता येत होतं त्यांनी वाचली, आणि मग जो तो बोलायला लागला.

"चिठ्ठी हाय, पन मेडिकलचं बिल कोठी हाय? छत्री काय मेडिकलमंदी भेटते?"

"उद्या कोनी चप्पल मागन. पायाले ऊन लागते म्हून."

"अन् परवा कूलर."

हसू पिकलं. एक म्हातारी मात्र कळवळली. म्हणाली, "द्या वं तिले उसने. लेकराचं तोंड तं पाह्या." हे मला त्या हसण्यापेक्षा जास्त झोंबलं.

"उसने नोको," मी म्हटलं. "अन् तोंड पाहून बी देऊ नोका. माह्यी पोरगी बिमार हाय अन् हे तिचं औषध हाय. तुमच्या लेकरांच्या कातडीत रंग हाय, त्याईले ऊन चालते. हिले नाई चालत. एवढीच गोठ हाय. नियम म्या लिवला, तो चुकला. मिक्सरवर रागावून लिवला होता, बिमारीचा इचार करून नाई लिवला." मग मी काकूंकडे वळले. हे आधी ठरवलं नव्हतं. "काकू, तुमच्या सुनेची जीप बी औषधच होती. तवा पैशे द्याले पाह्यजे होते. म्या नाई देले. माह्यं चुकलं."

काकूंनी पदराचं टोक कमरेला खोचलं. "आता उमजलं तुले," एवढंच म्हणाल्या. मग बाकीच्यांना म्हणाल्या, "लिवा. डॉक्टरनं लिवून देलं असन तं कायचं बी बिल चालन." सगळ्यात आधी त्यांनी सही केली. मिक्सरवालीनं चौथी केली, आणि माझ्याकडे बघणं टाळलं.

छत्री आली. लाल-निळ्या पट्ट्यांची, चांगली ऐसपैस. शेतमालकानं पहिल्या दिवशी कपाळाला आठ्या घातल्या. "छत्री सरकवाले बाई गेली तं मजुरी कापीन," म्हणाला. मी म्हटलं, "कापा. चहाले जाता तवा तुमची बी कापा." त्यानं कापली नाही. बायकांनीच पद्धत बसवली. जिची ओळ धुऱ्याशी संपेल तिनं दांडा उपटून सावलीच्या बाजूला रोवायचा आणि मग नवी ओळ धरायची. कोणाला सांगावं लागायचं नाही. त्या वेचणीत माझ्या लेकीला एकही फोड आला नाही. आज ती तिसरीत आहे. लांब बाह्या, काठाची टोपी, जाड चष्मा, आणि पहिला बाक. तिला कोणी भुरी म्हटलं तर ती ढकलून देते. मी तिला रागावत नाही.

मी जिंकले होते, आणि गावभर सांगत फिरत होते. मग त्या वेचणीनंतरचा चैत्र आला.

गटात एक नवीन सून आली होती, सगळ्यात लहान, सगळ्यात कमी बोलणारी. तिचं लेकरू सात महिन्यांचं, सावळं, गुटगुटीत. उन्हाळी कांदा काढायची कामं सुरू होती, ऊन असं की दुपारी कुत्रं रस्त्यावर पाय टेकवत नव्हतं. ती एक दिवस माझ्या ओसरीवर आली. काकू तिथेच सुपारी कातरत बसलेल्या होत्या. म्हणाली, "वयनी, पेटीतून मले बी छत्री पाह्यजे होती."

मी सवयीनं हात पुढे केला. "चिठ्ठी?"

"चिठ्ठी कायची? लेकरू चांगलं हाय."

"मंग छत्री कायले?"

"ऊन हाय म्हून."

मला हसू आलं. खरंच सांगते, मी हसले. मोठ्या समजूतदारपणानं तिला म्हटलं, "माह्या पोरीची गोठ येगळी हाय बाई. तिच्या कातडीत रंग नाई. तुह्या लेकराले ऊन चालते."

"चालते असं कोनं सांगतलं?"

तिनं आवाज चढवला नाही, मान खालीच होती. "काल ओळीवरून आली अन् झोळीत हात घातला, तं लेकरू भट्टीवानी तापेल होतं. डोये उघडेना. हालवलं, तं मान टाकली त्यानं. तोंडावर पानी मारलं, मारतच राह्यली, तवा कोठी रडलं. ते रडलं नसतं वयनी, तं मले बी चिठ्ठी भेटली असती."

काकूंचा अडकित्ता थांबला. बैठकीत सगळ्यांसमोर मी काय बोलले होते ते मला शब्दाशब्दानं आठवलं. तुमच्या लेकरांना ऊन चालतं. दहा बायका समोर बसल्या होत्या, त्यांतल्या निम्म्यांची लेकरं झोळीत वाढलेली, आणि एकीनंही मला अडवलं नव्हतं. मी स्वतः झोळीतच वाढले. माझी लेक भाजली म्हणून मला ऊन दिसलं, आणि दिसलं तेही फक्त तिच्यापुरतं. जिभेच्या जोरावर मी माझ्या एकटीसाठी दार उघडून घेतलं होतं आणि आत जाऊन कडी लावली होती. मला स्वतःची जेवढी चीड आली, तेवढी मिक्सरवालीचीही कधी आली नव्हती.

मी आत जाऊन पेटी आणली, रजिस्टर आणलं, आणि काकूंपुढे हात केला. "किल्ली द्या."

"बैठक कोठी झाली अजून?" काकू म्हणाल्या.

"सोमवारी घ्या बैठक. मले सचिवपदावरून काढाचं असन तं काढा, म्या सही करून देतो. पन ती उद्या सकाळी लेकरू घेऊन शेतात चालली. सोमवारलोक तिनं त्याच्यावर पानी मारत राहाचं काय?"

काकूंनी तिच्याकडे पाहिलं, मग कमरेची किल्ली सोडून माझ्या हातावर ठेवली. मी पैसे मोजून तिला दिले. रजिस्टरमध्ये पेटी सुरू झाल्यापासून आजाराचा एक रकाना आहे. ताप, खोकला, हातपाय मोडणं, सगळं त्यात लिहिलेलं असतं. तिच्या नावापुढे त्या रकान्यात मी ऊन असं लिहिलं, आणि सहीसाठी रजिस्टर तिच्यापुढे धरलं.